दंतोपकरणांचे निर्जंतुकीकरण : साधनांची निवड

सुश्रुतसंहितेत अग्नीवर तापविलेल्या शस्त्राचा निर्देश आहे. परंतु संदंशाच्या खाचांत अडकलेले रक्त केवळ तापाने निघत नाही. म्हणून जव्हार तालुक्यातील वावरसारख्या गावी दंतरुग्ण पाहणाऱ्या वैद्याने पहिला खर्च लांब दांड्याचा ब्रश व जाड हातमोजे यांवर करावा, असे आमचे मत आहे. रक्त वाळण्यापूर्वीच उपकरण थंड पाण्यात घासावे. गरम पाण्याने ते गोठून घट्ट चिकटते.

यंत्र निवडताना विजेचा विचार आधी करावा. १२१ अंश सेल्सिअस तापमान व १५ पौंड दाब असता वेष्टित उपकरणांस ३० मिनिटे लागतात. मध्येच वीज गेल्यास हा काळ पुन्हा आरंभापासून मोजावा लागतो. एका पावसाळ्यात आमची सबंध सकाळ अशीच गेली आणि दाढ ठणकत असलेल्या रुग्णास दुसऱ्या दिवशी बोलवावे लागले. तेव्हापासून गॅसवर चालणारा, दाबमापक असलेला ऑटोक्लेव्हच आम्ही पसंत करतो. आतील हवा वाफेने पूर्णपणे बाहेर पडल्यावरच झडप बंद करावी.

नुसत्या उकळण्याने जिवाणूंचे बीजाणू मरतीलच असे नाही. २ टक्के ग्लुटारल्डिहाइडला त्यासाठी सुमारे १० तास लागतात, शिवाय त्याची वाफ डोळ्यांस झोंबते. दर्शक पट्टीचा रंग पालटला म्हणजे पाकिटास उष्णता लागली, एवढेच कळते. पाकीट ओले निघाल्यास ते न वापरता नव्या वेष्टनात पुन्हा लावावे.