लोखंडाचा लघुग्रह इतका हलका कसा?

पृथ्वीच्या अंतरंगाची आकृती फळ्यावर काढली, की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, गाभा लोखंडाचा आहे हे कोणी पाहिलं?" कोणीच नाही. गाभा सुरू होतो २९०० किलोमीटर खोलीवर आणि माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथले, जेमतेम १२ किलोमीटरचे.

म्हणूनच 'सायकी' या लघुग्रहाचे एवढे कौतुक. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ आनिबाले दे गास्पारिस यांना तो १७ मार्च १८५२ रोजी नेपल्स येथून दिसला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातील हा बटाट्याच्या आकाराचा गोळा सुमारे पाच वर्षांत सूर्याभोवती एक फेरी करतो. रडारचे तरंग त्याच्यावरून जोरात परावर्तित होतात, म्हणजे पृष्ठभागावर धातू भरपूर असला पाहिजे. यावरून अशी कल्पना मांडली गेली : एक बालग्रह वितळला, जड लोखंड तळाशी गेले, पुढे टकरींमध्ये वरचा खडक उडाला आणि गाभा उघडा पडला.

कल्पना सुरेख आहे. पण घनता काढून पाहू. सायकीच्या ओढीमुळे जवळून जाणाऱ्या इतर लघुग्रहांचे मार्ग किंचित बदलतात. त्यावरून त्याचे वस्तुमान सुमारे २३ अब्ज अब्ज किलोग्रॅम निघते. सरासरी व्यास सुमारे २२२ किलोमीटर. गोलाचे सूत्र वापरून विद्यार्थ्यांनाच भागाकार करू द्या. उत्तर येते दर घन सेंटीमीटरला ४ ग्रॅमच्या आसपास. लोखंडाची घनता ७.९ ! जवळजवळ निम्मी घनता गेली कुठे?

ग्लासात काठोकाठ लोखंडी खिळे भरा. खिळ्यांच्या वस्तुमानाला ग्लासाच्या आकारमानाने भागा, घनता ७.९ पेक्षा बरीच कमी येईल. आता काठापर्यंत पाणी ओता. जेवढे पाणी मावले तेवढी पोकळी आकारमानातून वजा केली, की उत्तर पुन्हा ७.९ कडे सरकते. सायकीही असाच धातूच्या तुकड्यांचा ढीग असेल काय? मात्र एवढ्या मोठ्या गोळ्यात निम्मी पोकळी टिकणे कठीण, आतला दाब ती बुजवू पाहणार. त्यापेक्षा धातू आणि खडक यांचे मिश्रण अधिक पटते. तसे असेल, तर तो मुळात कुणाचा गाभा नव्हताच, अशीही शक्यता उरते.

(सायकीतील लोखंडाच्या किमतीचे डोळे दिपवणारे आकडे वृत्तपत्रांत येतात. एवढे लोखंड बाजारात आले तर भाव काय राहील, हे मात्र कोणी छापत नाही.)

याचा निकाल लावण्यासाठी 'नासा'चे सायकी नावाचेच यान १३ ऑक्टोबर २०२३ रोजी निघाले. २०२९ मध्ये ते तेथे पोहोचावे अशी योजना आहे. त्यावरील गॅमा-किरण व न्यूट्रॉन मोजणारे उपकरण पृष्ठभागावरील मूलद्रव्ये ओळखील. चुंबकत्वमापकाचे काम अधिक मजेचे आहे. वितळलेला धातूचा गाभा थिजताना चुंबकक्षेत्र निर्माण करू शकतो आणि त्याची खूण घट्ट झालेल्या पदार्थात राहून जाते. ती खूण आजही सापडली, तर सायकी एके काळी गाभा होता याला मोठाच आधार मिळेल.