वैद्याची मुलाखत : विद्यार्थ्याने विनंती कशी करावी?

आयुर्वेदाचे ग्रंथ विद्यार्थ्याला वर्गात शिकविता येतात. परंतु तीस-चाळीस वर्षे एकाच पंचक्रोशीत चिकित्सा करणाऱ्या वैद्याचा अनुभव ग्रंथात छापलेला नसतो. तो त्या वैद्याला विचारूनच मिळवावा लागतो. यवतमाळ येथे दयाभाई मावजी मजिठिया आयुर्वेद महाविद्यालय असल्याने आपल्या जिल्ह्यातील वैद्य व औषधालय-चालक यांच्याकडे प्रकल्पासाठी, निबंधासाठी मुलाखत मागणारे विद्यार्थी अधूनमधून येत असतात. त्यांनी कसे विचारावे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते आणि आपणही सांगत नाही. म्हणून हे टिपण. वाचकांनी ते स्वतः वाचावे व आपल्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे, अशी अपेक्षा आहे.

प्रथम आमचाच एक अनुभव नमूद करतो. काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी दोन विद्यार्थिनी आमच्या चिकित्सालयात आल्या. ज्वराच्या रुग्णांची रांग दाराबाहेर गेली होती. ‘सर, आपली मुलाखत हवी आहे, परवा सादर करायची आहे’, असे त्या म्हणाल्या. विषय कोणता हे त्यांनी सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. ‘नंतर या’ एवढेच बोलून आम्ही पुढचा रुग्ण घेतला. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांना स्थानिक वनौषधींची नावे व संग्रहकाल याविषयी विचारायचे होते, असे मागाहून कळले. या विषयाचे खरे जाणकार आमचे एक वृद्ध गुरुजी होते व ते तेव्हा हयात होते. दहा मिनिटे दिली असती तर आम्ही त्या मुलींना त्यांच्याकडे धाडले असते. पुढील उन्हाळ्यात गुरुजी निवर्तले. त्यांच्या वह्यांत द्रव्यांची नावे आहेत. ती कोणत्या टेकडीवरून, कोणत्या ऋतूत, कोणाच्या मदतीने आणीत, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही. दोष निम्मा विनंतीचा होता, निम्मा आमचा.

लिहून ठेवण्याचे मोल आपल्या व्यवसायाने एकदा अनुभवले आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सी.एस.आय.आर.) ते आव्हान दिले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर परिषदेचे महासंचालक होते. हळद घराघरांत वापरली जाते एवढे सांगून भागले नाही. जुने ग्रंथ व छापील लेख पुराव्यादाखल मांडावे लागले. जे केवळ स्मरणात असते त्याला असा आधार राहत नाही.

विचारून ज्ञान मिळविण्याची परंपरा आपल्या शास्त्रात जुनीच आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा हे तीन उपाय सांगितले आहेत. संभाषेचेही दोन प्रकार आहेत : स्नेहभावाने होणारी संधाय संभाषा आणि जिंकण्याच्या इच्छेने होणारी विगृह्य संभाषा. विद्यार्थ्याची मुलाखत ही पहिल्या प्रकारात मोडते. उभयतांना एकमेकांचा धाक वाटू नये, ही तिची पहिली अट. विनंती नीट केली की ही अट निम्मी पूर्ण होते.

विनंतीत काय असावे?

विनंती शक्यतो लेखी असावी. पत्राने वा भ्रमणध्वनीवरील संदेशाने, कसेही चालेल. तीत पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात : आपण कोण व कोणत्या वर्षात शिकतो, विषय कोणता, याच वैद्यांकडे का आलो, किती वेळ हवा, आणि उत्तरांचा उपयोग कोठे होणार. यांपैकी तिसरी गोष्ट बहुतेक विनंत्यांत नसते, आणि वैद्याचे मन वळते ते तिच्यामुळेच. आपले नाव यादीतून उचलले की आपल्या कामाची माहिती काढून हा मुलगा आला, हे वैद्याला तत्काळ कळते. नमुना पुढे देत आहोत.

‘माननीय वैद्यराज, सा. न. मी बी.ए.एम.एस.च्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. शेतमजूर स्त्रियांमधील कटिशूल या विषयावर महाविद्यालयासाठी निबंध लिहीत आहे. आपण अनेक वर्षे या भागात अशा रुग्णांची चिकित्सा करीत आहात, असे आमच्या अध्यापकांकडून समजले. आपल्या सोयीच्या दिवशी अर्धा तास मिळाल्यास उपकृत होईन. सहा प्रश्न सोबत जोडले आहेत. लेखन आपणांस दाखविल्याशिवाय सादर करणार नाही. शक्य नसल्यास तसे कळवावे. माझा गैरसमज होणार नाही.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. ज्याला सहज नकार देता येतो, तोच मोकळेपणाने होकार देतो. आठवड्यात उत्तर न आल्यास एकदा नम्र स्मरण द्यावे. त्यानंतरही मौन राहिल्यास दुसऱ्या वैद्यांकडे जावे; तिसऱ्यांदा विचारू नये.

वेळ कोणती मागावी?

बाजाराचा दिवस आणि सकाळचा रुग्णतपासणीचा वेळ टाळावा. औषधनिर्मात्याकडे हिवाळ्यात, आवळा आला असता व अवलेहाच्या कढया चुलीवर असता, बोलण्यासाठी जाऊ नये. पाहण्यासाठी अवश्य जावे, पण परवानगी घेऊन. दुकानदाराला मार्चअखेर हिशेबाची घाई असते. २०१६ पासून धनत्रयोदशीला साजरा होणारा आयुर्वेद दिन २०२५ पासून २३ सप्टेंबरला होतो. त्या सुमारास कार्यक्रमांमुळे वैद्य मंडळी व्यग्र असतात. निबंधाची मुदत संपण्यापूर्वी किमान तीन आठवडे विनंती करावी.

प्रश्न कसे असावेत?

‘आयुर्वेदाचे भवितव्य काय?’ या प्रश्नाला भाषण मिळते, माहिती मिळत नाही. त्याऐवजी ‘कापूस वेचणीच्या दिवसांत कटिशूलाच्या रुग्णेला आपण कोणते पथ्य सांगता, आणि तिला ते पाळता येते का?’ असे विचारावे. ग्रंथात जे आहे ते आधी वाचून जावे. ग्रंथ आणि प्रत्यक्ष यांत जेथे अंतर पडते, तेथे विचारावे. पाच-सहा प्रश्न पुरेत.

मर्यादा

रुग्णाचे नाव, गाव वा ओळख पटेल असा तपशील विचारू नये. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर न नेण्याचा दंडक चरकाच्या त्याच अध्यायात शिष्याला घातला आहे. ध्वनिमुद्रण करावयाचे असल्यास आधी विचारावे. शास्त्रीय कल्पांचा पाठ ग्रंथात मिळतो, आणि विकल्या जाणाऱ्या औषधाची घटकद्रव्ये वेष्टनावर छापणे नियमानुसार बंधनकारक आहे; परंतु उत्पादकाची स्वतःची निर्माणपद्धती सांगण्याचा आग्रह धरू नये. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या भागांत कोलाम व गोंड जाणकारांकडे जाताना तर अधिक सावध असावे. वनात वावरणारे औषधी नामरूपाने ओळखतात, हे चरकानेही मान्य केले आहे. त्यांनी दाखविलेल्या दुर्मीळ वनस्पतीचे नेमके ठिकाण छापू नये. आणि ज्ञान त्यांचे असेल तर श्रेयही त्यांचेच लिहावे.

मुलाखतीनंतर मजकूर वैद्यांना वाचून दाखवावा, चुका दुरुस्त कराव्यात आणि पूर्ण झालेल्या निबंधाची एक प्रत द्यावी. प्रत देणारा विद्यार्थी विरळा. त्याच्यासाठी दार पुन्हा उघडते आणि त्याच्यामागून येणाऱ्यासाठीही.

आपले कर्तव्य

आता आपल्याविषयी. विनंती अपुरी असली तरी विद्यार्थ्याला विषय विचारावा. वेळ नसल्यास दोन ओळींत नकार कळवावा आणि त्याच वेळी अधिक जाणकार वैद्याचे नाव सुचवावे. जे आठवत नाही ते आठवत नाही असे सांगावे. अयशस्वी ठरलेल्या चिकित्सेबद्दलही बोलावे, कारण विद्यार्थ्याला ती अन्यत्र कोठेही ऐकावयास मिळणार नाही. औषधालय-चालकांनी द्रव्यांची प्रत कशी ओळखावी, भेसळ कशी पकडावी, हे आपल्या दुकानात बसवून दाखवावे.

नीट विनंती करावयास शिकलेला विद्यार्थी उद्या रुग्णालाही नीट प्रश्न विचारील. आणि आम्हाला त्या दिवशी जे साधले नाही ते वाचकांना साधावे : दाराशी आलेल्याला ‘नंतर या’ म्हणण्यापूर्वी ‘विषय कोणता?’ एवढे तरी विचारावे.