आरबी-१ जनुक
आरबी-१ जनुक : रेटिनोब्लास्टोमा या जालपटलाच्या (डोळ्यातील प्रकाशसंवेदी पडद्याच्या) बालवयातील कर्करोगाशी संबंधित जनुक. ते मानवाच्या १३ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील १४ क्रमांकाच्या पट्ट्यात असते. काही रुग्णांच्या कोशिकांत या भागाचा लोप झालेला सूक्ष्मदर्शकाखाली आढळल्याने त्याच्या स्थानाचा पहिला सुगावा लागला. बहुसंख्य रुग्णांत मात्र असा लोप दिसत नाही. एस्टरेज-डी या एंझाइमाचे जनुक याच पट्ट्यात आहे. त्याचे प्रकार व रोगप्रवणता कुटुंबात बहुधा एकत्रच संक्रमित होतात, असे रॉबर्ट स्पार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखविले. त्यामुळे लोप नसलेल्या आनुवंशिक रोगाचे स्थानही तेच ठरले.

हा रोग दोन उत्परिवर्तनांमुळे उद्भवतो, असे अनुमान ॲल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडले होते. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यावर अर्बुद वाढते, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. १९८६ मध्ये हे जनुक वेगळे करण्यात आले. अर्बुदरोधक जनुकांपैकी वेगळे केलेले हे पहिलेच होय.

कुटुंबातील उत्परिवर्तन ज्ञात असल्यास ते न लाभलेल्या भावंडांची भूल देऊन वारंवार करावी लागणारी नेत्रतपासणी टळते. लाभलेल्यांच्या बाबतीत वेळीच उपचार होऊन दृष्टी वाचण्याची शक्यता वाढते.