मशीनने नाकारलेलं नाणं खोटं असतं का?

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात पाण्याचं एटीएम आहे. पाच रुपयांचं नाणं टाकलं की जार भरतो. मागच्या सुट्टीत आजीचं नाणं तीनदा टाकलं, तिन्ही वेळा परत आलं. "खोटं दिसतंय रे," म्हणत तिने ते पिशवीत टाकलं. नाणं तर अस्सल होतं. मग अडलं कुठे?

जुनी पद्धत

युरोप-अमेरिकेत पूर्वी भिंतीवर टांगलेले खेळ असायचे. नाणं टाकलं की चेंडू सुटायचा, खटका ओढून तो उडवायचा. आपल्याकडे रेल्वे स्टेशनवर वजनाचं मशीन होतं, तिकिटावर भविष्यही छापून द्यायचं. अशा यंत्रांत नाण्याची पारख सहसा तीन गोष्टींवर व्हायची: नाण्याच्या मापाची फट, वजनाने झुकणारा छोटा काटा आणि लोखंडी चकती अडवणारा लोहचुंबक.

आजची पद्धत

आता नाण्याच्या वाटेवर तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिच्या चुंबकीय क्षेत्रातून नाणं गेलं की नाण्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि कॉइलचा सिग्नल बदलतो. हा बदल धातू, आकार आणि जाडीनुसार वेगळा असतो. स्वस्त मशीनमध्ये एक नमुना नाणं आतच बसवलेलं असतं. तुमच्या नाण्याचा सिग्नल त्याच्याशी जुळला तरच पाणी. कोडच्या भाषेत सांगायचं तर एकच 'इफ'.

खरी गडबड

पाच रुपयांचं १९९२ पासूनचं नाणं तांबे-निकेलचं, ९ ग्रॅम. २००७ चं स्टीलचं, ६ ग्रॅम. २०११ चं निकेल-पितळेचं, तेही ६ ग्रॅम. तिघांचा व्यास २३ मिमी, म्हणून फटीतून तिन्ही जातात, पण कॉइलला तिन्ही वेगळी वाटतात. २०१९ च्या मालिकेतलं नाणं तर २५ मिमीचं आहे. नमुना पितळी असेल तर स्टीलचं नाणं परत येणारच.

घरी करून बघा: लोहचुंबकाला यातलं फक्त स्टीलचं नाणं चिकटेल.

म्हणजे मशीन "खरं की खोटं" सांगत नाही, "माझ्या नमुन्यासारखं आहे की नाही" एवढंच सांगतं. दहाच्या नाण्याबद्दल अफवा पसरल्या तेव्हा रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं होतं की सगळ्या १४ डिझाइनची नाणी वैध आहेत.

आजीचं नाणं २००७ चं, स्टीलचं निघालं. शेजारच्या किराणा दुकानात ते लगेच चाललं. तुमच्या गावातलं मशीन कुठलं नाणं घेत नाही, कमेंटमध्ये सांगा!