चिंचोक्यांचा आकृतिबंध

ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येणारी मांडणी म्हणजे आकृतिबंध. अंक लिहिता येण्याच्या कितीतरी आधी तो मुलांच्या हाती लागतो. अंगणवाडीतल्या 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी गणिताचा पाया इथूनच घालता येतो.

साहित्य विकत आणावे लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरातल्या पाना-बियांनाच शैक्षणिक साधन केले. ऊस आणि लिंबोणीच्या बागांच्या श्रीगोंदा तालुक्यातही खडे, पाने, चिंचोके दाराशीच मिळतात. त्यांत फोडलेला चिंचोका सर्वांत उपयोगी: पाठ तपकिरी, पोट पांढरे.

सुरुवात नमुना पाहून तसाच मांडण्यापासून होते. पुढची पायरी तो वाढवण्याची. अंगणवाडीताईंनी मांडायचे: तपकिरी, पांढरा, पांढरा. हा गट निदान तीनदा मांडावा. एकदाच दिसलेल्या गटावरून नियम कळत नाही.

खरी कसोटी यानंतर लागते. बरीच मुले पुढे तपकिरी, पांढरा, तपकिरी, पांढरा असे एकाआड एक ठेवतात. रंग बदलतो हे त्यांना कळलेले असते, पण गट तीन चिंचोक्यांचा आहे हे निसटते. अशा वेळी ‘चुकलं’ म्हणण्याची घाई करू नये. प्रत्येक चिंचोक्यावर बोट ठेवून सगळी ओळ मोठ्याने म्हणायला लावावी. लय मोडते तिथे मूल स्वतःच थबकते आणि हात मागे घेऊन एक पांढरा सरकवते. हा क्षण मुलाकडून हिरावून घेऊ नये.

मग मधला एक चिंचोका झाकून ‘इथं कोणता?’ असे विचारावे. त्यानंतर साहित्य बदलावे: तपकिरीसाठी टाळी, पांढऱ्यासाठी चुटकी. टाळी, चुटकी, चुटकी हा तोच आकृतिबंध आहे, हे ज्याला उमगले त्याने रंगापलीकडचा नियम पकडला.

गणिताशी नाते इथेच जुळते. तीन-तीनचे चार गट म्हणजे 12 चिंचोके. तीनचा पाढा पुढे याच पायावर उभा राहतो. 1, 2, 3 अशा चढत्या ओळी मांडल्या की प्रत्येक वेळी एकाची भर पडलेली डोळ्यांना दिसते.

2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत पायाभूत संख्याज्ञानाचे उद्दिष्ट ठेवले आहे. छापील चौकटी रंगवून घेण्यापेक्षा त्यासाठी चिंचोके अधिक कामाचे, कारण चुकलेला चिंचोका लगेच उचलता येतो. शेवटी मुलाने स्वतःचा आकृतिबंध तीनदा मांडावा आणि शेजारच्याने तो पुढे न्यावा. दोघांना हे जमले की शिकणे पक्के झाले.