सुप्याची काळी, सदाशिवगडाची काळी

जोयडा तालुक्यातल्या डिग्गीजवळ उगम पावणारी काळी नदी अवघ्या १८४ किलोमीटरमध्ये समुद्राला मिळते. तिच्या वाटेवरचं जुनं सुपा आज पाण्याखाली आहे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं हे तालुक्याचं ठाणं. १९८७मध्ये इथे १०१ मीटर उंचीचं धरण पूर्ण झालं. घरं, देवळं, बाजारपेठ बुडाली. कचेऱ्या जोयड्याला गेल्या, बरीच कुटुंबं रामनगरला वसली.

नदीच्या मुखावरचा सदाशिवगड किल्ला मात्र अजून उभा आहे.

सोंद्याच्या राजाने आपण बांधलेल्या या किल्ल्याला वडील सदाशिव यांचं नाव दिलं. १७५२मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला, १७६३मध्ये हैदर अलीकडे गेला. आता गोवा-कारवार महामार्ग थेट टेकडी कापून जातो. कापलेल्या कड्यावरचा तांबडा जांभा गाडीतूनही दिसतो. वर दुर्गादेवीचं देऊळ, पायथ्याशी पिराचा दर्गा.

रवींद्रनाथ टागोरांचे भाऊ सत्येंद्रनाथ नदीपलीकडच्या कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. त्यांच्याकडे आलेल्या तरुण रवींद्रनाथांनी चांदण्या रात्री याच नदीत नावेतून फेरफटका मारला आणि कारवारमध्येच ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक लिहिलं.

७ ऑगस्ट २०२४च्या पहाटे काळीवरचा सदाशिवगड-कारवार जोडणारा जुना पूल कोसळला. एक ट्रक नदीत पडला, चालक वाचला. वाहतूक आता शेजारच्या नव्या पुलावरून चालते.

गोव्याहून कारवारला जाताना पुलाच्या अलीकडे गाडी थांबवा आणि तासभर काढून गड चढाच!