खांबाजवळचा स्पर्श

पिंपळगाव बसवंत म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें द्राक्षांचे मळे आणि टोमॅटोचा बाजार उभा राहतो. परंतु येथें सांगावयाचा प्रसंग तेथील एका क्रीडांगणावरचा, मुलींच्या खो-खोचा आहे.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या पुतणीचा सामना पाहण्यास आम्ही घरचे सारेच गेलों होतों. शेवटची पाळी संपावयास कांहीं क्षण उरले होते आणि गुण बरोबरीचे होते. पुतणी खांबाजवळून वळली, तोंच पाठलाग करणाऱ्या मुलीचा तळहात तिच्या पाठीस ओझरता लागला. पंचांच्या दृष्टीआड तें घडलें. पुतणी क्षणभर थबकली, तिनें हात वर केला आणि ती आपण होऊन मैदानाबाहेर आली. एका गुणानें सामना गेला.

घरीं आल्यावर काकू म्हणाल्या, “पंचांनीं बाद दिलें नव्हतें, मग हिलाच एवढी घाई कां?” हें म्हणणें सर्वस्वी टाकाऊ नाहीं. निर्णय देणें हें पंचांचें काम. शिवाय मुलगी एकटी खेळत नव्हती, आठ मैत्रिणींचे श्रम तिच्याबरोबर होते. त्या मैत्रिणी आठवडाभर तिच्याशीं नीट बोलल्या नाहींत.

खो-खोचे लिखित नियम १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकारानें आकारास येऊं लागले. खो मिळाल्यावांचून बसलेल्या मुलीनें उठावयाचें नाहीं, पाठलाग करणारीनें घेतलेली दिशा मध्येंच बदलावयाची नाहीं, मधली पाटी ओलांडावयाची नाहीं. हीं बंधनें काढून टाकलीं तर उरते ती निव्वळ पकडापकडी. पळणारी हुलकावणी देते, तेव्हां तीही फसवतेच. पण ती प्रतिपक्षाच्या डोळ्यांस फसवते, आणि तें दोन्ही पक्षांस मान्य असतें. लागलेला हात लपविणें, खो मिळण्यापूर्वींच अर्धवट उठणें, वेळ काढण्यासाठीं पुन्हां पुन्हां केस बांधीत बसणें, यांत मात्र ज्या करारावर खेळ उभा आहे तो करारच मोडतो.

हा मोह आपल्याकडेच आहे असें नव्हे. स्कॉटलंडमधील सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेंत १८९० सालीं लॅक्रॉस सुरू झाला. शिटी वाजतांच प्रत्येकीनें असेल तेथेंच उभें राहावें, असा नियम मुलींच्या या खेळांत दीर्घकाळ होता. पंचांची पाठ वळतांच दोन पावलें सरकण्याचा मोह तेथेंही कोणास होत नसेल काय?

आज पणास लागणाऱ्या गोष्टीही वाढल्या आहेत. धाराशिवच्या सारिका काळे यांस २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. १९ जानेवारी २०२५ रोजीं नवी दिल्लींत प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय महिलांनीं नेपाळला ७८–४० असें हरवून पहिला विश्वचषक जिंकला. खेळाडूंस परीक्षेंत सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरींत राखीव जागा आहेत. एका गुणाचें मोल वाढलें, म्हणूनच तो कसा मिळाला हा प्रश्नही मोठा झाला.

मात्र एक सावधगिरी हवी. प्रामाणिकपणा म्हणजे मुकाट्यानें सोसणें नव्हे. आपल्या मुलींस तें शिकवणारे पुष्कळ आहेत! प्रतिपक्षानें नियम मोडला तर कर्णधार मुलीनें पंचांकडे जाऊन स्पष्ट शब्दांत दाद मागावी. जी आपला दोष उघड सांगते, तिला दुसऱ्याचा दोष दाखविण्याचा अधिकार अधिकच असतो.

त्या रात्रीं काकूंचा प्रश्न आजोबांपुढें गेला. ते बुद्धिबळाचा पट मांडीत होते. मान वर न करतां ते इतकेंच म्हणाले, “हात लागलेलें मोहरें खेळावें लागतें. समोरचा पाहत असो वा नसो.” काकू कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं पहाटे पुतणी सरावाला निघाली, तेव्हां तिच्या डब्यांत दोन लाडू अधिक होते.